थांबवणारा गेल्यावर

हैदराबाद,
११ जानेवारी १९८९

ती. वहिनींना श्रीधरचा नमस्कार,

सुखरूप पोचलो. दक्षिण एक्सप्रेसमध्ये बसायला जागा मिळाली. तुम्ही दिलेली दशमी बल्लारशाहपर्यंत पुरली. पुरवून खाल्ली म्हणा.

दादांचं तेरावं झाल्यावर ओट्यावर तुम्ही मला विचारलंत, "भाऊजी, तुम्ही तिकडे नेमकं करता काय?" इतक्या वर्षांत घरात हे कोणी विचारलं नव्हतं. दादा लोकांना सांगायचे, आमचा श्रीधर कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्याचं उत्तर आता लिहितो. तुम्ही मास्तरीण आहात, न समजल्यास माझे मार्क कापा.

कॉम्प्युटरच्या आठवणीची जागा म्हणजे घरांची एक लांब ओळ समजा. प्रत्येक घराला नंबर असतो. प्रोग्राम या घरांत आकडे ठेवतो आणि लागतील तसे काढतो. कधी एखाद्या घरातला आकडा बिघडतो आणि तो कोणी बिघडवला ते कळत नाही. आमच्याकडे आता नवी चिप आली आहे, ३८६. तिच्यात चार खास जागा आहेत. त्यांत घराचा नंबर लिहून ठेवला की त्या घराला कोणीही हात लावल्याबरोबर चिप काम थांबवते आणि आम्हाला हाक मारते. याला हार्डवेअर ब्रेकपॉइंट म्हणतात. मी याला खूण म्हणेन. खुणा चारच लावता येतात.

एका मशीनवर अनेक प्रोग्राम आळीपाळीनं चालतात आणि ती पाळी कर्नेल नावाचा गाभा ठरवतो. घर नंबर चार सौसरातही असतं आणि पांढुर्ण्यातही, तसं प्रत्येक प्रोग्रामचं आपापलं चार नंबरचं घर असतं. म्हणून एकाची पाळी संपली की त्याच्या खुणा उचलून ठेवायच्या आणि दुसऱ्याच्या लावायच्या. कर्नेलमधलं हे काम माझ्याकडे आहे. मार्चअखेर पुरं करून द्यायचं आहे.

दादा गेले हे मी इथं ऑफिसात साहेबांशिवाय कोणाला सांगितलं नाही. का ते माहीत नाही.

पांढुर्ण्याच्या बागेची मला काळजी नाही. राखायला मोतीराम आहे, तुम्ही आहात.

आपला,
श्रीधर

•

सौसर,
२० जानेवारी १९८९

प्रिय श्रीधरभाऊजी,

पत्र मिळालं. पाकिटावर तुम्ही माझ्या नावाआधी सौ. लिहिलं आहे. पोस्टमननं ते हातात दिलं आणि थोडा वेळ उभा राहिला. त्यानं वाचलं असावं. हे तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही. ते वाचून मला काहीतरी वाटायला हवं होतं, आणि काही वाटलं नाही, म्हणून लिहिते. पाकीट कपाटात ठेवलं आणि कणीक मळली.

सध्या सगळंच असं आहे. शाळेत जाते, सातवीला भूगोल शिकवते, मुली वहीत उतरवून घेतात. अलका नागपूरला होस्टेलवर परत गेली. जाताना पोर रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, पण हात माझा आहे असं वाटलं नाही. लोक म्हणतात, विजयमालाबाईंनी फार धीर धरला. मी धीर धरलेला नाही. धीर धरायला आधी काहीतरी सुटू पाहावं लागतं. डायरी रोज लिहिते, पण तिच्यात आता नुसती कामं असतात.

तुमचं चार खुणांचं समजलं. एक शंका आहे. घराला हात लावला की चिप थांबवते म्हणता. हात लावण्याआधी थांबवते की लावून झाल्यावर?

बागेचं म्हणाल तर मोतीराम सोमवारी येऊन गेला. पांढुर्ण्याहून बसनं आला. ओट्यावर बसला, चहा घेतला. त्याला भेटायला जायला हवं होतं ते मीच, पण तुमचे दादा पांढुर्ण्याच्या स्टँडवर कोसळले त्यानंतर मी पांढुर्ण्याला गेलेले नाही. झाडं कशी आहेत विचारलं तर मोतीराम म्हणाला, "हायेत जी, उभी हायेत." मग माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. दुःखाला आला असेल म्हणून मी पुन्हा चहा टाकला. तो नको म्हणाला आणि गेला.

दादांनी बागेला आंबिया बहाराचा ताण दिला होता. शहरात राहून तुम्ही विसरला असाल, म्हणून सांगते. थंडीत पाणी तोडायचं, संत्र्याच्या झाडाला तहानेनं थांबवायचं, पानं मलूल झाली की पुन्हा पाणी सोडायचं. मग झाड फुलतं. ते नोव्हेंबरअखेर पाणी तोडून आले होते. पुढचं तुमच्याकडून होईलच. जमिनीच्या खसऱ्यावर तुम्हा दोघा भावांचीच नावं आहेत.

जेवण वेळेवर करत जा. दशमी पुरवून खाणाऱ्या माणसाला मी ओळखते.

विजयमाला

•

हैदराबाद,
३० जानेवारी १९८९

ती. वहिनी, नमस्कार.

पाकिटाचं वाचून पत्र खाली ठेवलं. हातानं सवयीनं लिहिलं. बरोबर त्याच तऱ्हेची चूक मी या महिन्यात मशीनमध्ये शोधतो आहे, म्हणून आणखी शरम वाटली. क्षमा करा म्हणणंही बरं दिसत नाही, तरी म्हणतो.

तुमच्या शंकेचं उत्तर: लावून झाल्यावर. घरात आकडा लिहिला जातो, त्यानंतर चिप थांबवते. आपल्याला कळतं तेव्हा ते झालेलं असतं.

आता माझी चूक ऐका. दोन आठवडे आमचं मशीन अधूनमधून नको तिथं थांबत होतं. एखादा साधा प्रोग्राम, पगाराचा हिशोब करणारा वगैरे, आपल्या कामात असताना मध्येच उभा राही. त्याच्यावर कोणी खूण लावलेली नव्हती. मी चिपमधल्या त्या चार जागा, म्हणजे रजिस्टरं, छापून पाहिली. खूण दुसऱ्याचीच निघाली. एका तपासणी करणाऱ्या प्रोग्रामनं ती लावली होती, आणि तो स्वतः कधीच बंद पडला होता. अशा प्रोग्रामला डीबगर म्हणतात. पाळी बदलताना खुणा उचलायचं मी लिहिलं होतं. खूण लावणारा मधेच मेला तर काय, हे लिहिलं नव्हतं. म्हणजे माणूस गेला आणि त्याची खूण चिपमध्ये तशीच राहिली. ज्याचा काही संबंध नाही तो तिच्यावर अडून थांबायचा.

ते आता दुरुस्त केलं. पण दुसरा प्रश्न उरला. डीबगरनं एखाद्याला मुद्दाम थांबवून ठेवलेलं असतं, आणि तो डीबगरच्या शब्दाची वाट पाहत असतो. शब्द देणाराच गेला, तर तो थांबलेलाच राहतो. त्याला उठवणारं कोणी नसतं. मशीन बंद करेपर्यंत तो तसाच.

साहेब म्हणाले, त्यात विचार काय करायचा, मारून टाक. आजवर युनिक्स म्हणतात त्या आमच्या सिस्टिममध्ये तसंच करत आले आहेत. मी जरा रेंगाळलो तर म्हणाले, "मेलेल्यांची पोरं सांभाळायला तू इथं अनाथाश्रम काढला आहेस का?" सगळे हसले. मीही हसलो.

ताण तोडून तुम्ही आतापर्यंत पाणी सोडलं असेलच. दादांच्या हाताखाली तुम्ही इतकी वर्षं पाहिलं आहे, मी सांगणारा कोण? बहर कसा दिसतो ते कळवा.

श्रीधर

•

सौसर,
७ फेब्रुवारी १९८९

प्रिय भाऊजी,

ताण तोडलेला नाही. पाणी सोडलेलं नाही. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं लिहिताना मी ते लपवू शकणार नाही.

मी तुमच्या पत्राची वाट पाहत होते. तुम्ही लिहाल, पाणी सोडायला सांगा, आणि मी निरोप धाडीन असं धरून चालले होते. तुम्ही माझ्यावर सोडलंत, मी तुमच्यावर. आणि मोतीराम कोणाची वाट पाहत होता ते काल कळलं.

काल तो पुन्हा आला, बायकोला, शांताबाईला घेऊन. या वेळी चहाला नाही म्हणाला. म्हणाला, "बाई, पान्याचं का करू?" मी विचारलं, अजून सोडलं नाही? तर म्हणे, "सरांनी सांगतलं होतं, म्या सांगतो तवाच मोटर लावजो. त्याच्या आधी कोनी म्हटलं तरी लावायची नाही. मी वाट पाहून राहिलो."

गेल्या साली म्हणे शेजाऱ्याच्या सांगण्यावरून त्यानं दोन दिवस आधी पाणी सोडलं, तेव्हा दादा त्याला फार बोलले होते. म्हणून या वेळी त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. शांताबाई रागानं त्याच्याकडे पाहत म्हणाली, "सर आता सपनात येऊन सांगतीन का तुमाले? मी रोज म्हनून राहिले, बाईले पुसा, बाईले पुसा. तर हे आले अन् चहा पिऊन वापस गेले." मोतीराम म्हणाला, दुःखाच्या घरात पाण्याचं कसं काढावं.

शेजारच्या बागांत पाणी कधीच सुरू झालं. आपल्या झाडांची पानं गळली आहेत, विहिरीकडच्या रांगेचे शेंडे वाळायला लागले आहेत. हे सगळं त्यानं मान खाली घालून सांगितलं, जणू चूक त्याची.

आता मी काय केलं ते लिहिते. मी म्हटलं, भाऊजींना पत्र लिहून विचारते. तो बरं म्हणाला आणि दोघं गेली.

पाणी सोडा, एवढंच म्हणायचं होतं. तो समोर उभा होता. मी का म्हटलं नाही हे कालपासून स्वतःला विचारते आहे. पहिलं उत्तर आलं की बाग तुमची, मी कोण सांगणारी. ते खोटं आहे. तुम्ही तर माझ्यावरच सोडलं होतं. दुसरं आलं की मला शेतीतलं कळत नाही. तेही फारसं खरं नाही. तिसरं असं की दादांनी सांगून ठेवलेलं एकच काम अजून चालू आहे. बाकी सगळं संपलं, चष्मा देऊन टाकला, सायकल देऊन टाकली. ती झाडं मात्र अजून त्यांच्या सांगण्यावरून उभी आहेत. पाणी सोडलं की तेही संपलं. हे खरं असावं, पण मी यावर फार विश्वास ठेवत नाही, कारण हे लिहितानाही मला काही वाटत नाही. कदाचित मी फक्त बसून राहिले.

तुमच्या मशीनचं एक विचारायचं आहे. त्या थांबलेल्याला मारायचं कशाला? त्यानं काय केलं? त्याला कोणीतरी थांबवलं म्हणून तो थांबला. थांबवणारा गेला तर त्याला जाऊ दे म्हणता येत नाही का?

बागेचं काय करायचं ते लगेच कळवा.

विजयमाला

•

हैदराबाद,
१५ फेब्रुवारी १९८९

ती. वहिनी,

काल तुमचं पत्र मिळालं आणि तसाच तारघरात गेलो. तार मिळालीच असेल. पाणी सोडा एवढंच लिहिलं. तारबाबूनं मजकूर दोनदा वाचून माझ्याकडे पाहिलं.

खरं सांगायचं तर ताण केव्हा तोडतात हेच मला नीट आठवत नव्हतं. तुम्हाला माहीत असेल असं लिहिलं, कारण नाहीतर मला विचार करावा लागला असता. बागेचा विचार करायचा म्हणजे दादांचा. ते मी इथं अगदी व्यवस्थित टाळत होतो. दिवसभर चार खुणांत डोकं घातलेलं बरं.

तुमचा प्रश्न मी साहेबांना जसाच्या तसा विचारला. म्हटलं, माझी वहिनी विचारते, त्यानं काय केलं? ते म्हणाले, वहिनीला नोकरीवर घे. मग मी रीतसर उत्तर शोधलं, आणि ते निघालं. जुन्या पद्धतीत खूण लावायची म्हणजे प्रोग्रामच्या अंगातलाच एक तुकडा काढून तिथं सापळा बसवायचा. सापळा बसवणारा गेला तर प्रोग्राम फुटलेलाच राहतो. त्याला चालू दिलं तर तो त्या सापळ्यात पडणारच, म्हणून मारून टाकत. पण या चिपच्या खुणा प्रोग्रामच्या बाहेर असतात, चिपमध्ये. थांबलेल्याच्या अंगाला कोणी हात लावलेला नसतो. खुणा पुसल्या तर तो जिथं उभा होता तिथून पुढं जाऊ शकतो.

तेव्हा मी लिहिलं ते असं: डीबगर गेला की आधी त्याच्या चारही खुणा पुसायच्या. मग त्यानं थांबवलेला प्रत्येक जण शोधायचा. अंगात सापळा नसेल तर त्याला सोडायचं. साहेबांनी तीनदा वाचलं आणि "राहू दे" म्हणाले.

आणखी एक गंमत आहे. कधीकधी खूण घराला न लावता प्रोग्रामच्या एखाद्या पायरीलाच लावतात. तिथं चिप पाऊल पडण्याआधीच थांबवते. त्यामुळं नुसतं चल म्हटलं तर तो त्याच पायरीवर पुन्हा थांबतो, पुन्हा चल, पुन्हा थांबतो. म्हणून चिपमध्ये एक छोटी सोय ठेवली आहे. ती लावली तर एवढ्या एका वेळेपुरतं खुणेकडे लक्ष न देता पाऊल पुढं पडतं. खूण तिथंच राहते.

झाडं वाचली का ते लिहा. वाचली नसली तरी लिहा.

श्रीधर

•

सौसर,
२३ फेब्रुवारी १९८९

प्रिय भाऊजी,

तार मिळाली, पण त्याआधीच पाणी सोडलं होतं.

त्या दिवशी पत्र पोस्टाच्या पेटीत टाकलं. पेटी रिकामी असावी, पाकीट तळाशी पडल्याचा आवाज आला. तेव्हा मनात आलं, हे आता हैदराबादला जाणार, तुम्ही वाचणार, उत्तर येणार, आणि तोवर झाडं उभी. मी शाळेकडे वळायच्या ऐवजी स्टँडकडे वळले. शाळेत निरोपसुद्धा दिला नाही. माझ्या नोकरीत असं पहिल्यांदाच झालं, हेडमास्तरांनी दुसऱ्या दिवशी तब्येत विचारली.

पांढुर्ण्याच्या स्टँडवर उतरले. पानाच्या टपरीसमोर ते पडले होते, ती जागा मला दाखवलेली आहे. बसमध्ये सगळा वेळ वाटत होतं की तिथं मी थांबेन, मला काहीतरी होईल. बरोबर ओळखीचं कोणी नाही याची धास्ती होती. उतरले, टपरीवरून चालत गेले, रिक्षावाल्याला बागेचा रस्ता सांगितला. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की ती जागा मागं गेली. तुमची ती एका वेळेपुरती सोय मला न मागता मिळाली होती म्हणायची. परत येताना मिळाली नाही. टपरीसमोर उभी राहिले. बस आली, गेली. पुढची पकडली. रडले नाही.

बागेत शांताबाई धुणं वाळत घालत होती. मला पाहून तिनं मोतीरामला हाक मारली, "या, आलं तुमचं सपन."

मोतीराम आला. पानं पायाखाली वाजत होती. मी म्हटलं, "मोतीराम, पाणी सोडा."

तो मोटरकडे गेला नाही. उभाच राहिला. मग म्हणाला, "बाई, आजूबाजूचे इचारतीन, इतक्या उशिरा कोनी सांगतलं? मी का सांगू त्याइले? सरांचं नाव घेऊ?"

भाऊजी, सरांचं नाव घ्या म्हटलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. मलाही सोपं होतं. दादांनीच आधी सांगून ठेवलं होतं असं काहीतरी झालं असतं, आणि पुढल्या साली तो पुन्हा त्यांचीच वाट पाहत बसला असता.

मी म्हटलं, "माझं नाव सांगा. बाईंनी सांगितलं म्हणा."

"हाओ," म्हणाला आणि गेला. मोटर लागली. आधी हलकंच पाणी द्यायचं असतं म्हणे, एकदम नाही. पहिल्या वाफ्यात पाणी शिरेपर्यंत मी थांबले. माती किती वेळ नुसतं पाणी पीत राहिली, वर काही दिसेचना.

विहिरीकडची रांग बहुतेक गेली. मोतीराम म्हणतो, पुढं कळेल. ती झाडं माझ्यामुळं गेली की त्याच्यामुळं, की तुमच्यामुळं, हे मी डायरीत मांडून पाहिलं. नीट वाटणी होत नाही. थोडी तुमच्या दादांकडेही जाते. माझ्याशिवाय कोणाचं ऐकू नको असं माणसानं सांगून ठेवू नये, हे त्यांना मी जिवंतपणी म्हटलं असतं तर ते हसले असते.

तुमच्या त्या थांबलेल्यांना सोडलंत हे वाचून बरं वाटलं. बरं वाटलं असं लिहिते आहे, म्हणजे थोडं वाटलं असावं.

विजयमाला

•

हैदराबाद,
८ मार्च १९८९

ती. वहिनी, नमस्कार.

काम दिलं. गिऱ्हाईकानं दिवसभर मशीन चालवलं, डीबगर मुद्दाम मारून पाहिले, मागं कोणी अडकून राहिलं नाही. साहेबांनी सगळ्यांना समोसे दिले. मी बाहेर जिन्यात जाऊन उभा राहिलो. शेजारी आमचा एक जण सिगारेट ओढत होता. त्याला म्हटलं, डिसेंबरात माझा मोठा भाऊ वारला. त्यानं सिगारेट विझवली. तो म्हणाला, आणि तू आज सांगतो आहेस?

पाकिटावर या वेळी नाव लिहिताना हात आपोआप थांबला. नावाआधीची जागा कोरीच ठेवली, श्रीमती लिहावं की नुसतं नाव हे मला ठरवता आलं नाही. तुम्हीच सांगा.

पाडव्याला येऊ का?

श्रीधर

•

सौसर,
१९ मार्च १९८९, रविवार

प्रिय भाऊजी,

नुसतं विजयमाला लिहा. तेवढं पुरतं.

पाडव्याला या. अलकाही येणार आहे. तिला मशीनचं समजावून सांगा, मी अर्धं सांगितलं तर म्हणाली, आई, तुला हे कधीपासून कळायला लागलं?

आज बागेतून आत्ताच आले. विहिरीकडची रांग गेली, ती तोडावी लागेल. बाकीची झाडं फुलली आहेत. उशिरा फुलली, शेजारच्यांचं फूल गळून फळ धरायला लागलं तेव्हा आपल्याकडे कळ्या उघडल्या. शांताबाई म्हणते, बांधापासूनच वास येऊन राहिला. रिक्षावालाही म्हणाला. मी झाडाखाली गेले, फांदी ओढून नाकाशी धरली. मला आला नाही. सर्दी नाही. डायरीत लिहिलं, बहर आला. मग खाली तेही लिहिलं, कारण ते गाळलं तर वरचंही खोटं वाटलं असतं: मला वास आला नाही.

दर रविवारी जाते. पूर्वी ते जात तीच बस. टपरीसमोर कधी थांबते, कधी नाही. पोचले की मोतीराम फाटकाशी येतो आणि विचारतो, "आज का करू, बाई?"

मी झाडांकडे पाहते, आणि सांगते.

विजयमाला